रिकाम्या डब्याचं वजन

४ मे, सोमवार

पोचले. ताई बसथांब्यावर उभी होती. माझी बॅग उचलल्या उचलल्या तिने विचारलं, यात काय दगड भरलेस का. दगड वाहणाऱ्या रेल्वेत नोकरीला आल्यामुळे हा विनोद निवृत्तीपर्यंत ऐकावा लागणार, हे मी तिथेच ओळखलं.

मला मागची खोली मिळाली. लोखंडी पलंग, टेबल, दाराला आतून कडी. खिडकीतून पाण्याची टाकी, मग शेजारणीची कपड्यांची दोरी, मग कुंपण आणि रूळ दिसतात. सगळ्यावर खनिजाच्या लाल धुळीचा पातळ थर. ताई म्हणते, दिवसातून दोनदा मी पुसते, तिसऱ्यांदा पुसायला तू आलीस.

भाऊजी याच मार्गावर इंजिन चालवतात. खाणीत डबे भरायचे, बंदरात रिते करायचे, परत खाणीत. शंभरावर डबे आणि अख्ख्या गाडीवर माणूस एकच. जेवताना मला म्हणाले, इंजिनियरबाई, तुमच्या यार्डात माझी गाडी ताटकळत ठेवू नका म्हणजे झालं. त्यांची मुलगी ठकी सहा वर्षांची आहे. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे तिला कोणीतरी सांगितलंय. त्यामुळे मावशी वाघिणी उलट्या करायला आली आहे, असं ती गल्लीभर सांगून आली. झोपण्याआधी ती बापाच्या पाठुंगळी बसून घरभर फिरते. त्याशिवाय झोपत नाही.

बरं वाटतंय. ही वही माझ्यापुरती आहे. कोणी वाचायची नाही.

६ मे, बुधवार

आज टिपलर नीट पाहिला. पत्र्याची प्रचंड शेड, भर दुपारीही आत संध्याकाळ. मधोमध दोन मोठी लोखंडी कडी आणि त्यांच्या पोटातून जाणारा रूळ. डबा आत आला की चिमटे त्याला पकडतात, कडी फिरतात आणि डबा पूर्ण उलटा होतो. जोडणी फिरती असल्यामुळे डबा सोडवावा लागत नाही, पुढची-मागची गाडी जागची हलत नाही. माल खालच्या जाळीवर कोसळतो, तिथून सरकत्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून जहाजात. धूळ बसावी म्हणून वरून सतत पाण्याचे फवारे.

टिपलर चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. वयाने यार्डाच्या साहेबांपेक्षा मोठे, तोंडाने सगळ्यांपेक्षा. मला पाहून म्हणाले, आधीच्या साहेबाचं पोट शिडीत अडकायचं, तुम्ही तरी चढाल. त्यांची पद्धत अशी: तीनदा भोंगा, डबा उलटा, माल पडतो, आणि मग रिकामा डबा तसाच उलटा धरून ते थांबतात. चहाचे दोन घोट होईपर्यंत. प्रत्येक डब्याला. का, असं मी विचारलं. सकाळी म्हणाले, चिकट माल सुटावा म्हणून. दुपारी म्हणाले, मोटर गार व्हावी म्हणून. निघताना म्हणाले, आमचे वस्ताद थांबायचे म्हणून आम्ही थांबतो, आणि बाई, तुम्हाला एवढी घाई कसली, जहाज काय तुमच्या वडिलांचं आहे?

११ मे, सोमवार

उलट्या डब्याच्या आत कॅमेरा लावून पाहिलं. मामांचा थांबा सुरू होतो तेव्हाच डबा स्वच्छ असतो. चिकटलेला कणही नाही. मोटरचं तापमानही व्यवस्थित. म्हणजे हा थांबा निव्वळ सवय आहे.

स्वयंचलित प्रोग्रॅम बसवला. एक भोंगा, डबा उलटा, माल पडला की लगेच सुलटा, पुढचा डबा. साहेबांना तो ऑफिसात बसूनही चालू-बंद करता यायला हवा होता. तशी सोय करून दिली. मामांच्या खोलीत हाताने चालवायचं बटण ठेवलंय, पण ऑफिसातून प्रोग्रॅम चालू केला की त्या बटणाचं काही चालत नाही. मामांनी विचारलं, मग मी इथे बसून काय करू, माशा मारू? मी म्हटलं, चहा प्या, एरवीही तेच करत होतात. पहिल्यांदाच हसले.

१५ मे, शुक्रवार

जहाज वेळेआधी भरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी खाली बघून हसले. बोलायला नको असतं अशा वेळी.

यार्डात खोळंबा होत नसल्यामुळे भाऊजी ठकी जागी असतानाच घरी येतात. ताई म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, हा माणूस उजेडात कसा दिसतो ते आत्ता कळलं. ठकीच्या शाळेला सुट्टी आहे. शाळा असली की ते तिला स्कूटरवर पुढे उभी करून नेतात. तिला सुट्टीतही तशीच चक्कर हवी असते. भाऊजी म्हणतात, शाळेचं वाहन शाळेच्या दिवशीच. शाळा एक तारखेला उघडते, रोज ती मला दिवस मोजायला लावते.

१८ मे, सोमवार

यार्डातून बाहेर पडताना रुळातच बसवलेला वजनकाटा आहे. गाडी त्यावरून जाते आणि प्रत्येक डब्याचं वजन पडद्यावर उमटतं. आज भाऊजींची रिकामी गाडी निघाली तेव्हा शेपटाकडचा एक डबा जड दिसला. फार नाही. एका मोठ्या माणसाइतका.

कोणीतरी फुकट प्रवासाला चढलं असेल म्हणून रेल्वेच्या पुढच्या ठाण्यावर कळवलं. त्यांनी गाडी थांबवून डबा पाहिला. रिकामा होता. वर मला सांगितलं, मॅडम, काट्याला चष्मा लावा.

काटा तपासला. बरोबर आहे.

२० मे, बुधवार

गाडी खाणीतून भरून आली, रिती झाली, परत निघाली. तेच डबे, तोच क्रम. दोन्ही टोकांना रुळांचा वळसा आहे, त्यामुळे इंजिन कायम पुढेच असतं. सोमवारचा डबा आज हलका. त्याऐवजी गाडीच्या मध्यावरचा एक डबा जड. वजन तेवढंच.

माल उरलाय का ते पाहायला गाडी सिग्नलला थांबली असताना रुळांवरच्या पुलावर चढले. दुपारचे बारा, लख्ख ऊन. वरून सगळे डबे दिसतात. फवाऱ्यांमुळे प्रत्येकाचा तळ ओला आणि चकचकीत. त्या एकाच डब्यात, पुढच्या भिंतीला लागून, एक कोरडा भाग होता. वर पाणी पडत असताना कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसलं, तर त्याच्याखाली जेवढी जागा कोरडी राहील तेवढा.

तिथे कोणी नव्हतं. आणि तळ सुकत होता तो कडेकडून. तो भाग तसाच राहिला.

ताईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही.

२२ मे, शुक्रवार

आज इंजिनानंतरचा पहिलाच डबा.

आता क्रम लागतो. गाडीला ब्रेक लागला की जोडण्यांतला सैलपणा मिटतो आणि धक्का डब्याडब्यातून पुढे जातो. उतारावर असे धक्के कितीतरी बसतात. जे काही आहे ते प्रत्येक धक्क्याला पुढे सरकतंय. कुठे जायचंय ते मला माहीत नाही. दिशा माहीत आहे.

मामांना गाठलं. वस्ताद का थांबायचे, ते नीट आठवा म्हटलं. त्यांना खरंच माहीत नाही. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. एवढंच आठवलं की वस्ताद भोंगा वाजवून तोंडाने पुटपुटायचे, उतरा. मामांना वाटायचं, ते मालाला म्हणतात.

साहेबांना न विचारता प्रोग्रॅम बंद केला. उद्यापासून हाताने. तीन भोंगे आणि थांबा.

२४ मे, रविवार

सुट्टी असून शेडमध्ये गेले. भाऊजींची गाडी रिती होत होती. मामा प्रत्येक डबा उलटा धरून थांबत होते. मी खाली, जाळीशेजारच्या कठड्याला उभी.

एका मधल्या डब्यातला माल पडून गेला. धूळ बसली. आवाज थांबले. मामांचा थांबा चालू होता. आणि मग जाळीवर काहीतरी पडलं. मऊ, जड. ओल्या गोणीसारखं. जाळी थरथरली. जाळीवर काहीही नव्हतं.

म्हणजे ते एकटं नाही. मालाबरोबर येतात. उलटं धरून ठेवलं की त्यांची पकड सुटते, आणि ते मालाबरोबर जातात. मी थांबा काढला, म्हणून एकाची पकड अर्धीच सुटली, आणि ते पुढे सरकायला लागलं.

त्याआधी, पहिला डबा उलटा झाला तेव्हा मी श्वास धरून उभी होते. मामांना हाताने खूण करून थांबा लांबवायला लावला. आणखी. आणखी. काही पडलं नाही.

संध्याकाळी गाडी काट्यावरून गेली. सगळे डबे हलके.

इंजिन जड. एका माणसाइतकं.

इंजिन उलटं करत नाहीत.

२५ मे, सोमवार

काल रेडिओवरून भाऊजींना सांगितलं होतं, पुढच्या ठाण्यावर उतरा, दुसरा चालक मागवा. कारण विचारलं. वजन म्हटलं. हसले. म्हणाले, मेहुणीबाई, तुमची ताई मला रोज तूप वाढते, ते वजन आहे.

साहेबांनी बोलावलं. तुम्हीच बसवलेला प्रोग्रॅम तुम्हीच बंद करायचा, हा काय पोरखेळ आहे? मी तांत्रिक दोष सांगितला. एक तारखेपर्यंत दुरुस्त करा म्हणाले, त्या दिवशी मोठं जहाज लागतंय, नाहीतर मी इथून चालू करीन.

२६ मे, मंगळवार

भाऊजी आले. हसतमुख, दमलेले. इंजिन काट्यावर पाहिलं. बरोबर. गाडीतल्या एकाही डब्यात काही नाही.

गेलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. भाऊजींना आठवडाभर सुट्टी आहे.

२७ मे, बुधवार

सकाळी ताई न्हाणीघराच्या दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, तुझ्या भाऊजींच्या पाठीला पाणीच लागत नाही, म्हशीचीसुद्धा ओली होते. दोन तांबे ओतून दाखवले तिने. पाणी खांद्यापर्यंत आलं आणि दोन्ही बाजूंनी वळून गेलं. मधला भाग कोरडा.

ताई हसत होती. मी दाराची चौकट धरून उभी होते.

२८ मे, गुरुवार

कोपऱ्यात घरचा वजनकाटा पडून आहे. ठकी त्यावर बाहुल्या मोजते. तिला म्हटलं, सगळ्यांना मोजू या. ताई, मी, ती. सगळ्यात शेवटी भाऊजी.

ताई म्हणाली, मोडलाय तो, फेकून दे.

मोडलेला नाही. मी परत उभी राहून पाहिलं.

भाऊजी खुर्चीत टेकून बसत नाहीत. मध्ये कोणाला तरी जागा सोडल्यासारखे पुढे सरकून बसतात. उजवा हात मांडीवर, बोटं वळलेली, ब्रेकच्या दांड्यावर असतात तशी. ताईने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला म्हणाले, आलं का ठाणं?

२९ मे, शुक्रवार

ठकी काल त्यांच्या पाठुंगळी बसली नाही. झोपताना मी विचारलं का. डोळे चोळत म्हणाली, जागा नाहीये मावशी.

कोण आहे, विचारलं.

बाबांना विचार, म्हणाली. ते पुढे बघतंय.

३० मे, शनिवार

भाऊजी आज बोलले. स्वतःहून. मी टाकीपाशी होते. हळू आवाजात म्हणाले, तू वजनाचं म्हणत होतीस ना. मग म्हणाले, डोळे मिटले की गाडी चालू असते. कोणीतरी मानेशी तोंड आणून सांगतं, पुढे. मी म्हणतो, अरे पुढे मीच आहे, माझ्यापुढे काही नाही. तरी म्हणतं, पुढे.

ताईला सांगू नकोस म्हणाले. घाबरेल.

रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं. परवा सोमवार. शाळा उघडते. सकाळी ते स्कूटर काढणार. ठकीला पुढे उभी करणार. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथे ब्रेक लागतोच—

३१ मे, रविवार

स्कूटर सकाळी पंक्चर केली. मग वाटलं, हा उपाय नाही. दुपारी पंक्चर काढून आणलं.

चौथ्या इयत्तेपासून मी भीतीचं गणित मांडत आलेय. मांडलं की ती आवरते. हेही मांडलं. ते धक्क्याने पुढच्याकडे जातं. पुढे कोणीतरी असावं लागतं. ठकी असता कामा नये.

भाऊजींना म्हटलं, मला स्कूटर नीट येत नाही, मागे बसा आणि शिकवा. मी चालवत होते, ते मागे. त्यांनी खांदे धरले तेव्हा हात चार वाटले. गोदामांमागचा रिकामा रस्ता. वेग घेतला आणि दोन्ही ब्रेक एकदम—

ते माझ्यावर आदळले.

मग हलके झाले. मला कळलं. त्यांनाही. खाली उतरून रस्त्यातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. कशाने ते त्यांना सांगता येईना. घरी गेल्यावर ताईला म्हणाले, भूक लागलीय. खुर्चीत टेकून बसले. ठकी आधी लांबून पाहत राहिली. मग पाठीवर चढली.

मी आंघोळ केली. खूप पाणी घेतलं.

पाठ कोरडी आहे.

१ जून, सोमवार, पहाट

थंड नाही. गरमही नाही. नुसतं वजन. मानेमागे श्वास नाही, पण श्वासाची जागा आहे.

आरशात काही दिसत नाही. मी मात्र पुढे वाकलेली दिसते.

पुढे, म्हणतं. ताईच्या आवाजात नाही, कोणाच्याच नाही. माझ्या.

घरी कोणाच्या मागे उभी राहिले नाही. ताई चहा ओतत होती, तिच्या मागून जावं लागलं असतं. मी खिडकीतून बाहेर पडले. ठकीने पाहिलं. हात केला. मी केला नाही.

१ जून, सकाळ

मामांना सांगितलं, चिमट्यांची पकड तपासायची आहे, मी डब्यात पट्ट्यांनी बांधून बसणार. म्हणाले, बाई, डोकं ठिकाणावर आहे का. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या मागे. हात जोडले.

ठरलंय: हाताने चालवायचं. तीन भोंगे. उलटा धरून थांबायचं, मी ओरडेपर्यंत. डबा गाडीपासून सोडवून घेतलाय. मागे काही नाही, पुढे काही नाही.

बसलेय. पट्टे खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांवरून. पुढच्या भिंतीला पाठ लावून बसायचं होतं. पाठ टेकत नाही. मध्ये ते आहे.

फवारे चालू आहेत. माझे गुडघे भिजले. हात भिजले. वहीवर वाकून लिहितेय म्हणून कागद कोरडा आहे. हात रिकामा असला की बोटं दांडा धरल्यासारखी वळतात, म्हणून लिहितेय.

थांबा मिळाला तर पडेल. चोवीस तारखेला ते दुसरं पडलं तसं. मऊ, जड. मग मी घरी जाईन. ठकी शाळेतून आलेली असेल. पाठुंगळी घेईन तिला, माझी पाठ मोडली तरी.

थांबा नाही मिळाला तर पकड अर्धीच सुटेल आणि ते पुढे सरकेल. पण पुढे कोणी नाही. मी पाहून घेतलंय. माझ्या पुढे लोखंडी तळ आणि ही वही, बस—

चिमटे बसले.

मामांच्या खोलीतला दिवा बदलला. हिरवा होता. पिवळा झाला. पिवळा म्हणजे ऑफिसातून—

आज एक तारीख. साहेब—

मामा काच बडवतायत. काहीतरी ओरडतायत—

भोंगा. एक.

दुसरा

दुसरा वाजत नाहीये

डबा फिरतोय. पकड सैल झाली. मानेवरून येतंय. हातावरून. पुढे. पुढे फक्त वही आहे. आणि वहीच्या पुढे